दादाचा ग्लास आणि बर्फाची अर्धी लादी

आमच्या धाकटीने स्वतःपेक्षा चार बोटं बुटका नवरा केला, त्या वर्षीची ही गोष्ट. साल आकड्यातही सांगता येईल, पण आमच्या इमारतीत ते आकड्याने कोणी ओळखत नाही. ‘जावई आला त्या वर्षी पाण्याची टाकी फुटली’, ‘जावई आला त्या वर्षी जिन्याला रंग लागला’, असंच बोलतात. जावई म्हणाल तर सोन्यासारखा. घड्याळं दुरुस्त करतो, आवाज चढवत नाही, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण लोकांना मोजायला त्याची उंचीच सापडली. मीही सुरुवातीला मोजली, खोटं कशाला बोलू.

लग्न झालं आणि महिनाभरात माझा थोरला भाऊ आमच्याकडे राहायला आला. राहायला म्हणजे झोपायला. पोटाचं दुखणं होतं, दवाखान्यात बरेच दिवस काढून झाले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आता घरी न्या. जे मागतील ते द्या.” डॉक्टर असं कोणाबद्दल बोलतात हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी ते खाण्यापिण्याचा सल्ला म्हणून ऐकलं आणि मान डोलावली.

अडचण अशी की दादा काही मागतच नव्हता. माझी बायको मऊ शिजवून, गाळून, कोमट करून वाट्या आणायची. तो दोन चमचे घ्यायचा आणि मग वाटीकडे अशा नजरेने बघायचा, जणू वाटीनेच त्याला चारचौघांत काही बोलून दाखवलं आहे. शेवटी एका दुपारी मी वैतागलो.

“दादा, तुला नक्की काय पाहिजे ते तरी सांग. काहीही सांग.”

“ग्लास पाहिजे.”

“पाणी?”

“पाणी कशाला? मी करायचो तो ग्लास.”

इथे थोडं मागे जायला हवं, पण फार नाही. दादा प्रवासी जहाजावर नोकरीला होता. दारूचं काउंटर वरच्या मजल्यावर, तिथे गोरेगोमटे, इस्त्रीचे लोक. दादा खालच्या मजल्यावर, फळांच्या काउंटरमागे. ताज्या फळांचं कॉकटेल करायचं आणि द्यायचं, हेच त्याचं काम. तळाला साखरेच्या पाकातला डाळिंबाचा गडद लाल रस, त्यावर कुटलेल्या बर्फाचा थर, त्यावर संत्र्याचा रस आणि सगळ्यात वर अननसाचा पांढरट फेस. तीन रंग एकावर एक उभे, एकाने दुसऱ्यात पाय टाकायचा नाही. लोक आधी फोटो काढायचे आणि मग प्यायचे.

“आणि माझ्या हातचा नको,” दादा म्हणाला. “दुसऱ्या कोणीतरी करायचा. मी उशीला टेकून, पाय लांब करून बसणार. ट्रेमध्ये ठेवून आणायचा आणि म्हणायचं, साहेब, आपलं कॉकटेल. मग मी पिणार. सावकाश. तळ दिसेपर्यंत.”

“म्हणजे? इतकी वर्षं केलंस आणि प्यायलाच नाहीस?”

“कधी पिणार? ग्लास काउंटरच्या पलीकडे गेला की पाहुण्याचा. अलीकडे असला की कंपनीचा. माझा कधी झाला?”

तर काम एवढंच होतं. एक ग्लास करायचा, दुसऱ्या कोणीतरी करायचा, दादापुढे ठेवायचा आणि दादाने तो प्यायचा. मी हे इथे मुद्दाम सरळ लिहून ठेवतो. पुढे त्यात इतकी माणसं आणि इतक्या भानगडी शिरल्या, की हे एवढं साधं काम मधल्यामध्ये कुठे राहिलं ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतो. मी जन्मभर रंगाच्या कारखान्यात रंग कालवले. साहेब लोक शेडचा तुकडा आणून द्यायचे आणि मी डब्यात तो रंग उभा करायचो. त्यामुळे तीन रंगांचा एक ग्लास म्हटल्यावर मला हसू आलं. मी बायकोला म्हणालो, “हे तर माझंच खातं आहे.”

“तुमच्या खात्यातलं कोणी पीत नव्हतं,” ती म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. असं दुर्लक्ष मी फार वेळा केलं आहे आणि त्याचा मला दर वेळी त्रासच झाला आहे.

बातमी संध्याकाळपर्यंत इमारतभर झाली. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई खाली आल्या. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून दार न वाजवता आत येतात आणि आधी पेशंटच्या पायाला हात लावून बघतात.

“कच्ची फळं द्यायची नाहीत,” त्या म्हणाल्या. “उकडून द्या.”

“अननस उकडू?”

“सगळं उकडा. बर्फ सोडून.”

मग सेक्रेटरी आले. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी फार नियमाचे आहेत. ते दारातच उभे राहिले आणि विचारलं, “मिक्सर कधी लावणार?”

“दुपारी. दादा तेव्हाच काय तो जरा तरतरीत असतो.”

“जमणार नाही. दुपारी एक ते चार मिक्सर, हातोडी आणि गाण्याची तालीम बंद. सोसायटीचा ठराव आहे.”

“असला ठराव मांडला कोणी?”

“तुम्ही,” सेक्रेटरी म्हणाले.

आठवलं. वरच्या मजल्यावर तेव्हा एक गवई राहत होता. गवई गेला, ठराव राहिला. आता माझ्याच ठरावातून सूट मिळावी म्हणून मला माझ्याच कमिटीपुढे हात जोडून उभं राहावं लागलं. कमिटीत तिघे. पहिल्याने विचारलं, “एका ग्लाससाठी ठराव मोडायचा का?” दुसरा म्हणाला, “मोडायचा नाही, वाकवायचा.” तिसरा झोपला होता. शेवटी एका दुपारपुरती सूट मिळाली, आणि तीही एका अटीवर. मिक्सर चालू असताना कमिटीचा एक माणूस स्वयंपाकघरात हजर राहील. तो माणूस अर्थातच सेक्रेटरी.

त्यात आमचा मिक्सर बरेच दिवस बंद पडलेला. जावई म्हणाला, “मी बघतो ना, बाबा.” घड्याळाच्या कारागिराच्या हाती मिक्सर म्हणजे मुंगी पकडणाऱ्याच्या हाती म्हैस. त्याने डोळ्याला भिंग लावलं, मिक्सर खोलला, सगळे भाग जुन्या चादरीवर ओळीने मांडले, पुसले आणि परत बसवले. चादरीवर एक स्प्रिंग उरली.

“ही कशाची?”

“त्याच्यावाचूनही चालतोय, बाबा.”

चालला खरा. ठरल्या दिवशी दुपारी, सेक्रेटरी खुर्चीवर बसलेले, मी अननस टाकला, बटण दाबलं, आणि त्या स्प्रिंगचं काम झाकण धरून ठेवण्याचं होतं हे आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. अर्धा अननस छताला गेला. थोडा सेक्रेटरींच्या चष्म्यावर. जावई बिचारा लगेच ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढला, पण हात छताला पोचेना. मग धाकटी काही न बोलता चढली आणि तिने पुसलं. खालून सेक्रेटरी म्हणाले, “जोडा शोभतो हो. एक दुरुस्त करतो, एक निस्तरते.” जावई हसला. मी नाही हसलो. मला तो टोमणा माझ्याच घराला वाटला.

उरलेल्या अननसाचा फेस झाला. डाळिंब फडक्यात पिळलं. बर्फ फ्रिजमधला, चौकोनी खडे. दादाने सांगितल्याप्रमाणे चमचा उलटा धरून, त्याच्या पाठीवरून मी एकेक रस हळूच सोडला. आणि सांगतो, उभा राहिला हो ग्लास! खाली लाल, मध्ये नारिंगी, वर पांढरा. सेक्रेटरी चष्मा पुसायचे थांबले आणि “वा!” म्हणाले. बायकोने ट्रे पुसून ठेवला. मी ग्लास उचलला, उजेडाकडे धरला, आणि मला लाल आणि नारिंगीच्या मध्ये रेघ दिसली.

आता हे दुसऱ्या कोणाला समजणार नाही. कारखान्यात पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट शिकवली होती. डब्यात रेघ दिसली की माल परत. काठी घालायची आणि रेघ जाईपर्यंत काढायची नाही. मी विचार केलाच नाही. विचार करायला डोकं लागतं, इथे नुसता हात होता. हाताने लांब चमचा उचलला, तळापर्यंत घातला आणि चांगला गरगर फिरवला. खालून वर, डावीकडून उजवीकडे, जसा धर्म आहे तसा.

“अहो!” बायको ओरडली.

तोवर रेघ गेली होती. मी दादापुढे ट्रे धरला. “साहेब, आपलं कॉकटेल,” असंही म्हणालो.

दादा उशीला टेकून, पाय लांब करून तयारीत बसला होता. केससुद्धा विंचरले होते. त्याने ग्लासकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हा कुठला रंग?”

“तपकिरी.”

“तो दिसतोय. लावायचा कशाला?”

“लोखंडी फाटकांना,” मी म्हणालो. खरंच तीच शेड आली होती. मुद्दाम करायला गेलो असतो तर इतकी हुबेहूब आली नसती.

दादा हसायला लागला. किती तरी दिवसांनी हसला. हसता हसता खोकला आला, बायकोने पाठीवरून हात फिरवला. “मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक झालो,” तो म्हणाला, “तर माझ्यापुढे फाटक आणलंस.”

“चव तीच असणार ना दादा? घे की.”

“तसा नाही घेणार. इतकी वर्षं थांबलोय, नीट घेईन. तुझा चमचा ही एक गोष्ट झाली. दुसरी म्हणजे बर्फ. हे फ्रिजचे खडे मधून वाट देतात, रस खाली उतरतो. लादीचा बर्फ पाहिजे. फडक्यात बांधून कुटलेला.”

मला राग आला होता. बाकी काही नाही, सेक्रेटरींच्या देखत झालं म्हणून. पण दादाने मागितलं होतं, आणि जे मागतील ते द्या असं डॉक्टर म्हणाले होते. चार-पाच दिवसांनी पुन्हा सूट मिळवली. त्या सकाळी बायको आणि धाकटी फळं आणायला गेल्या, जावयाला दादापाशी बसवलं आणि मी बर्फाच्या कारखान्यावर गेलो.

खिडकीत एक कारकून बसला होता. “कशासाठी?” त्याने मान वर न करता विचारलं.

“घरी. एक ग्लास करायचा आहे.”

त्याने मान वर केली. “काका, इथे तीनच खाती आहेत. मासळी, औषध, मयत. मासळीला कमीत कमी दहा लाद्या. औषधाला दवाखान्याचा शिक्का. घरगुती असं खातंच नाही.”

“अर्धी लादी दिली तरी चालेल हो. घरात आजारी माणूस आहे.”

“कोण?”

“भाऊ. थोरला.”

त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. “असं करतो,” तो हळूच म्हणाला, “मयत लिहितो. मयताला अर्धी मिळते. रांगसुद्धा नाही.”

“अहो, पण तो जिवंत आहे!”

“मी कुठे नाही म्हणतोय? बर्फापुरतं लिहितो.”

मी तिथून परत फिरायला हवं होतं. पण दुपार जवळ आली होती, सूट त्याच दुपारपुरती होती आणि मी दोनदा तोंडघशी पडायला तयार नव्हतो. मी चिठ्ठी घेतली. लादी पोत्यात गुंडाळून हातगाडीवर चढली. गाडीवाल्याने चिठ्ठी वाचली, डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि गाडी अगदी सावकाश ढकलायला लागला.

“जरा भरभर चल ना, बर्फ वितळेल.”

“आता कसली घाई, काका,” तो म्हणाला. “जे व्हायचं ते होऊन गेलं.”

खरं सांगावं असं मनात आलं. पण त्याने लादी परत नेली असती तर? मी गाडीमागून चालत राहिलो. रस्त्यात दोघांनी सायकली थांबवल्या. एका दुकानदाराने रेडिओ बंद केला. इतका मान मला निवृत्तीच्या दिवशीही मिळाला नव्हता. कोपऱ्यावर आल्यावर आठवलं की दादाने सांगितलं होतं, स्ट्रॉ आण, जाड आण, बारीक आणू नको. मी गाडीवाल्याला इमारत दाखवली, म्हटलं, तू हो पुढे, फाटकावर विचार, आणि स्वतः दुकानात शिरलो.

जाड स्ट्रॉ मिळायला वेळ लागला. दुकानदार म्हणत होता, बारीकच घ्या, माणूस हळू पितो, जास्त पुरतं. या विषयावर आमचं बरंच बोलणं झालं. मी परत आलो तेव्हा जिन्याखालच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या अक्षरात काहीतरी नवीन लिहिलेलं होतं. मला अजून भरभर वाचता येत नाही, पन्नाशी उलटल्यावर शिकलो मी. अक्षराला अक्षर जोडत ‘कळविण्यास अत्यंत दुःख’ इथपर्यंत आलो, तेव्हा वाटलं पाण्याची टाकी परत फुटली. पुढे वाचलं आणि हातातले स्ट्रॉ गळाले. मी जिना धावत चढलो. या वयात.

दारात चपलांचा ढीग. पुढच्या खोलीत सगळी इमारत भिंतीला टेकून बसलेली. तळमजल्यावरचा सुतार, कमिटीचा दुसरा, झोपणारा तिसरासुद्धा, आणि तो चक्क जागा. गाडीवाला टोपी हातात धरून कोपऱ्यात उभा. झालं होतं ते असं: त्याने फाटकावर चिठ्ठी दाखवून घर विचारलं होतं, आणि चिठ्ठी वाचायला नेमके सेक्रेटरीच उभे होते. लोक येऊन बसायला लागले तेव्हा घरात एकटा जावई. नवीन जावई, त्याला वाटलं इथे असंच बसायला येत असतील. त्याने सगळ्यांना पाणी दिलं. सेक्रेटरींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “मग, केव्हा करायचं?”

“बाबा आले की लगेच,” जावई उत्साहाने म्हणाला. “बर्फ तर आलाच आहे.”

आणि दादा? दादा आतल्या खोलीत, दार उघडं, चादर तोंडावरून ओढून झोपलेला. जहाजावर केबिनमध्ये दिवा चालू असायचा, तेव्हापासूनची सवय. आता अशा माणसाला बाहेरून बघणाऱ्याने काय समजायचं?

मी तोंड उघडणार तोच सेक्रेटरी उभे राहिले. “ते आपल्या इमारतीत थोडेच दिवस होते,” ते घसा खाकरून म्हणाले, “पण त्या थोड्या दिवसांत त्यांनी सर्वांना आपलंसं केलं. अत्यंत शांत, सोशिक माणूस. कधी कोणाला वावगा शब्द बोलले नाहीत.”

“मग तुमची माझी गाठ नीट पडलेली दिसत नाही,” चादरीखालून आवाज आला.

सुतार ओरडला. कोणाच्या तरी हातातलं पाणी सांडलं. नर्सबाई तडक आत गेल्या, चादर ओढली, मनगट धरलं. “नाडी आहे,” त्या बाहेर तोंड करून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मला थोडी नाराजी वाटली, पण तो माझा गैरसमज असेल.

यापुढे खरं तर लोकांना आनंद व्हायला पाहिजे होता. पण आमच्या इमारतीत आधी चौकशी होते, आनंद मागून. सेक्रेटरी माझ्यावरच उलटले. “मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे! टाकी धुणारे आले होते, त्यांना परत पाठवलं! तुम्ही अशी चिठ्ठी आणताच कशी?”

“बर्फापुरतीच होती हो ती...”

“चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलंय!”

“बघू,” दादा म्हणाला. जावयाने चिठ्ठी नेऊन दिली. दादाने ती लांब धरून वाचली आणि परत केली. “कागद बरोबर आहे, सेक्रेटरी. माल जरा उशिरा मिळेल.”

मग गाडीवाला फिस्सकन हसला, आणि मग सगळेच. नर्सबाईसुद्धा. त्याच वेळी बायको आणि धाकटी फळांच्या पिशव्या घेऊन दारात आल्या. चपलांचा ढीग बघून बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि आत सगळे हसताहेत हे बघून तर ती खालीच बसली. तिला सगळं सांगून होईस्तोवर दादाने पाय पलंगाखाली सोडले होते.

“कुठे निघालास?”

“एवढी माणसं आलीत. माझ्यासाठी आलीत. तशीच पाठवणार?” तो भिंतीला धरून उभा राहिला. “बर्फ वितळतोय.”

“तू पड, दादा. मी करतो सगळ्यांना. आधी तुझा करतो.”

“तू?” दादा म्हणाला. “तू आधी तो चमचा खाली ठेव.”

चमचा खरंच माझ्या हातात होता. कधी उचलला देव जाणे. लोक पुन्हा हसले. आणि मी फुगलो. म्हणालो, कर मग तूच. इतकी धावपळ केली, चिठ्ठीसाठी खोटं पचवलं, दुकानदाराशी स्ट्रॉवरून वाद घातला, आणि वर सगळ्या इमारतीसमोर हे. मी चमचा ओट्यावर आपटला आणि बाजूला झालो. तेवढं एक करायला नको होतं.

जावयाने उंच स्टूल आणून ओट्यापाशी ठेवलं. दादा त्यावर अर्धा टेकला, अर्धा उभा राहिला. मला फडकं आणि लाटणं दिलं, बर्फ कुटायला. घरोघरचे ग्लास आले. स्टीलचे, काचेचे, एक तर फुटलेल्या फुलदाणीचा खालचा भाग. “काचेचे पुढे घ्या, मालकीणबाई,” तो माझ्या बायकोला म्हणाला. आमच्याकडे आल्यापासून तिला तो असंच म्हणायचा. त्याचे हात रोज पाण्याची वाटी धरताना थरथरायचे. उलटा चमचा धरताना थरथरले नाहीत.

आणि आवाज! तो आवाज मी ऐकलाच नव्हता. मऊ, अदबीचा, जरा पुढे वाकून. “साहेब, गोड बेताचं की जास्त?” सेक्रेटरी नकळत सरळ बसले. “बेताचं,” ते म्हणाले. “साहेब, आपलं कॉकटेल.” सुताराला दिलं, सुताराने आधी हात धोतराला... नाही, पँटला पुसले. नर्सबाई उकडण्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. गाडीवाल्याला दिलं. जावयाला दिलं तेव्हा दादा तेवढाच वाकून “साहेब” म्हणाला, आणि आमच्या इमारतीत जावयाला साहेब म्हणणारा तो पहिला माणूस. जावई ग्लास दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. मला त्या दिवशी तो काही बुटका दिसला नाही.

मलाही दिलं. मी आधी तोंड फिरवून उभा होतो. “साहेब,” दादा म्हणाला, “ढवळू नका.”

काय सांगू कसं लागलं ते. आधी फेस ओठाला, मग संत्र्याचा आंबटपणा, मग बर्फातून वर येणारं ते गडद गोड डाळिंब. एकेक चव आपापल्या वेळी येत होती. मी रेघेकडे बघत बघत प्यायलो. पहिल्यांदा मला रेघ आवडली. मी दुसरा मागितला. दादाने दिला. सेक्रेटरींनीही दुसरा मागितला, आणि फळ्यावरचा मजकूर आपल्या हाताने पुसून येतो म्हणाले. त्या दुपारी इतकं हसणं झालं, की ठराव, तास, आवाज कशाचंच कोणाला भान नव्हतं.

लोक गेले. दादा अजून स्टुलाला टेकून होता आणि ग्लास एकेक करून नळाखाली धरत होता. बायको पुसत होती. ती मध्येच थांबली.

“भाऊजी, तुमचा कुठला?”

दादाने ओट्याकडे बघितलं. डाळिंबाची सालं, पिळलेलं फडकं, रिकाम्या पिशव्या. बर्फाचं नुसतं पाणी.

“काउंटर बंद झालं, मालकीणबाई,” तो म्हणाला.

माझ्या हातात माझा दुसरा ग्लास होता, रिकामा. मी म्हणालो, “उद्या करतो. दादा, उद्या मीच करतो. चमचा लावत नाही.”

“कर,” तो म्हणाला. मग त्याला पलंगापर्यंत न्यायला आम्ही दोघे लागलो.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच कारखान्यावर गेलो. कारकुनाने काही विचारलं नाही, मयतच लिहिलं. मी बर्फ कुटला, रस सोडले, आणि तो ग्लास असा उभा राहिला की माझ्याच डोळ्यांना खरं वाटेना. ढवळायचा लांब चमचा बायकोकडे देऊन ठेवला होता. ट्रे घेतला, आत गेलो आणि म्हणालो, “साहेब, आपलं कॉकटेल.”

दादाला रात्रीपासून ताप होता. त्याने डोळे उघडले, ग्लासकडे बराच वेळ बघितलं. “रंग बरोबर आलाय,” तो म्हणाला. स्ट्रॉ ओठाला लावला, पण गिळता येईना. नर्सबाईंनी मानेनेच मला नको म्हणून खुणावलं. मी ट्रे खिडकीत ठेवला. दुपारभर तो तिथेच होता. बर्फ विरघळत गेला तसे थर एकमेकांत उतरले आणि संध्याकाळपर्यंत सगळं तपकिरी झालं. कोणी ढवळलं नव्हतं.

दादा त्याच आठवड्यात गेला. शुक्रवारी, सकाळी नळाला पाणी येण्याच्या सुमारास.